जीवाणूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: लॅबच्या खिडकीतून

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे सँपलमधले जीवाणू वाढवून ओळखण्याचं काम मी बघते. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं खिडकीशी उभी राहून जे विचारतात आणि लग्नात पंगतीला शेजारी बसलेले नातेवाईक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी कोणती गोळी घ्यावी हे मात्र इथे मिळणार नाही. त्यासाठी रुग्णाला तपासावं लागतं आणि ते डॉक्टरांचं काम आहे.

जीवाणू, विषाणू, जंतू, जंत… सगळं एकच ना?

नाही. घोळ आपल्या भाषेतच आहे. 'जंत' आणि 'जंतू' यांत एका उकाराचा फरक, पण जंत म्हणजे पोटातला डोळ्यांना दिसणारा कृमी. दात 'किडतो' म्हणतो, पण त्यात किडा नसतो. 'जंतू' हा शब्द आपण सरसकट सगळ्यांनाच लावतो.

जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया. एकाच पेशीचा जीव. स्वतः खातो, वाढतो, मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. आमच्या लॅबमध्ये रोज भेटणारा ई. कोलाय साधारण दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे ई. कोलाय डोक्याला पाय लावून झोपतील. विषाणू म्हणजे व्हायरस. त्याला स्वतःची पेशीच नसते, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. डेंग्यूचा विषाणू ई. कोलायच्या लांबीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा असतो. गजकर्ण ही बुरशी, मलेरियाचा परजीवी आणखी वेगळा.

हा फरक परीक्षेपुरता नाही. खिशातून पैसे कुठे जातात आणि कुठे वाया जातात हे त्यावर ठरतं. त्याबद्दल पुढे.

जीवाणू पहिल्यांदा कुणी पाहिले?

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने. अँटोनी व्हान लेव्हेनहूक त्याचं नाव. कापडाचे धागे तपासायला भिंग लागायचं, तिथून त्याला भिंगं घासण्याचा नाद लागला. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दल त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला १६७६ मध्ये कळवलं, आणि १६८३ मध्ये दातांवरचं किटण खरवडून त्यात वळवळणारे जीव पाहिले. हे जीव माणसाला आजारी पाडतात हे कळायला मात्र आणखी जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

आपल्या शरीरात किती असतात?

२०१६ च्या एका प्रसिद्ध हिशोबानुसार सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. त्या सगळ्या जीवाणूंचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दह्याच्या एका छोट्या डब्याएवढं. 'माणसाच्या पेशींच्या दहापट जीवाणू' हे वाक्य अजून फिरतं, ते जुन्या अंदाजावरचं आहे.

बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचणारा कोंडा, साली, तंतू ते खातात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराचं पोट भरतं. व्हिटॅमिन के सुद्धा बनवतात. आईच्या दुधात तर अशा काही साखरा असतात ज्या बाळाला मुळीच पचत नाहीत. मग त्या कशाला? बाळाच्या आतड्यातल्या जीवाणूंसाठी. आई एका वेळी दोघांना पाजत असते.

चांगले जीवाणू कोणते आणि वाईट कोणते? यादी मिळेल का?

नाही मिळणार, आणि माझ्या मते हा प्रश्नच जरा चुकतो. पटकी किंवा क्षयाचा जीवाणू कुठेही सापडला तरी वाईटच, हे खरं. पण बाकीच्या बऱ्याच जणांचं चांगलं-वाईट हे ते कुठे बसलेत यावर ठरतं.

ई. कोलायच घ्या. त्याच्या बहुतेक जाती आतड्यात जन्मभर गुण्यागोविंदाने राहतात. तोच तिथून दोन इंच सरकून मूत्रमार्गात गेला की जळजळ, ताप, कळा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा गोल जीवाणू दहांतल्या तिघांच्या नाकात असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तो जखमेत गेला तर पू, रक्तात गेला तर जिवावर. तोंडातले जीवाणू तोंडात ठीक, पण हृदयाची झडप आधीच खराब असलेल्या माणसाच्या रक्तात उतरून ते झडपेवर घर करू शकतात. म्हणून अशा काही रुग्णांना दात काढण्याआधी प्रतिजैविक देतात. दातांच्या डॉक्टरांकडे गेलात की हृदयाची गोष्ट आधी सांगा.

रिपोर्टवर 'ई. कोलाय' वाचून एक आजोबा हादरले होते. "हा विष्ठेतला ना? माझ्या लघवीत कसा?" प्रश्न अगदी बरोबर होता. तिथे कसा, हीच तर तक्रार.

दही लागतं म्हणजे नेमकं काय होतं? थंडीत का लागत नाही?

विरजणातले जीवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दूध एका ठरावीक आंबटपणाला पोचलं की त्यातलं केसिन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं, म्हणजे दही लागतं. दूध आधी तापवतो ते वाटेकऱ्यांना मारण्यासाठी, आणि कोमट करतो ते विरजणातल्या मंडळींना मारू नये म्हणून. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, हे आजीचं थर्मामीटर. थंडीत हे जीवाणू सुस्तावतात, म्हणून पातेलं कणकेच्या डब्यात किंवा जुन्या शालीत ठेवायचं. अर्धवट लागलेलं अदमुरं दही म्हणजे काम अर्ध्यावर असलेली फॅक्टरी. आणखी काही तास ठेवलंत की आंबट.

घरचं दही 'प्रोबायोटिक' आहे का, असंही विचारतात. त्या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर नाही, कारण त्यात कोणती जात किती संख्येने आहे हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून खाऊ नये असं थोडंच आहे? मी रोज खाते.

रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात खावा की नाही?

भात रात्री कुठे होता, ते सांगा.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जीवाणू. कुकरच्या नेहमीच्या तीन शिट्ट्यांतून तो जिवंत बाहेर येऊ शकतो. मग भाताचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं की आतला कोमट ओलावा त्याला जागं करतो. ई. कोलायसारख्या जीवाणूला अनुकूल स्थितीत एकाचे दोन व्हायला वीसेक मिनिटं लागतात. त्या वेगाने सात तासांत एकाचे वीस लाखांवर होतात (वहीत एकवीस वेळा दुप्पट करून बघा). भातातला हा पाहुणा आजूबाजूच्या उष्णतेनुसार कमीअधिक वेगाने वाढेल, पण दिशा तीच.

खरी गोम पुढे आहे. तो भातात एक विष सोडतो आणि ते विष फोडणीच्या आचेने जात नाही. जीवाणू मरतील, विष राहील. "चांगला करकरीत परतला होता हो" म्हणत उलट्या करणारी माणसं येतात ती यामुळे. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुतेकदा दिवसभरात आपोआप थांबतात.

उरलेला भात ताटात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कांदा, मिरची, कढीपत्ता, वरून शेंगदाणे. त्याला माझी ना नाही.

फ्रिजमध्ये जीवाणू मरतात का?

नाही, थंडीने सुस्तावतात. लिस्टेरिया नावाचा एक तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो, आणि गरोदर बाईला तो धोक्याचा.

मग लोणचं बाहेर राहून कसं टिकतं?

मीठ पाणी ओढून घेतं. मुरांब्यात साखर तेच करते, पापडाला ऊन. पाणी नसेल तर जीवाणू वाढत नाही. लोणच्याला शिवाय आंबटपणा आणि वर तेलाचा थर. 'बरणीत ओला चमचा घालू नको' या ओरडण्यामागे पूर्ण सूक्ष्मजीवशास्त्र आहे.

बाळाला मध चाटवला तर काय होतं? आमच्याकडे सगळ्यांना चाटवलाय.

सोनं मधात उगाळून चाटवायची रीत माझ्याही घरात होती. पण मधात बोट्युलिझमच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतकी गर्दी असते की त्यांना जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात जागा मोकळी असते. तिथे ते रुजले तर जे विष तयार होतं ते स्नायू लुळे पाडतं. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडण्याचा आवाज बारीक होतो, ओढणं मंदावतं, मान पडते. हा आजार दुर्मीळ आहे, म्हणून 'आमच्याकडे काही झालं नाही' हे बहुतेकांचं खरंच असतं. तरी वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको. मध तापवून उपयोग नाही, बीजाणू त्याने मरत नाहीत.

गंजलेला खिळा लागला. धनुर्वात गंजामुळे होतो ना?

गंजाचा काही संबंध नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. खिळा गंजलाय म्हणजे तो बहुधा मातीत पडलेला होता, एवढंच. हा जीवाणू हवेत वाढत नाही, त्याला प्राणवायू चालत नाही. खोल, अरुंद, बंद झालेली जखम त्याला हवी असते. गुलाबाचा काटा, बाभळीचा काटा, गोठ्यात लागलेलं खुरपं यांनीही होतो. पूर्वी नाळ विळ्याने कापून वर शेण लावत, आणि बाळं आठवड्याभरात ताठ होऊन जात. भारताने माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन २०१५ मध्ये गाठलं, ते गरोदरपणातली इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांच्या जोरावर.

खरचटलं की दर वेळी इंजेक्शन घेणारेही भेटतात. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर साधारण दहा वर्षांनी एक पुरतो. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर मात्र घ्यावा लागतो. तारीख कुठेतरी लिहून ठेवा, कारण आठवत कुणालाच नसते.

घटसर्प, डांग्या खोकला वगैरे आता ऐकू येत नाहीत. गेले का?

गेले नाहीत, लसीने दाबून धरलेत. घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. डांग्या खोकल्यात खोकून खोकून मूल निळं पडतं. धनुर्वात धरून या तिन्ही जीवाणूंवरची ती जुनी त्रिगुणी लस. आता पेंटाव्हॅलंटमध्ये त्या तिघांसोबत आणखी दोन आजार असतात. आजार दिसेनासा झाला की लशीचा डोस चुकवायची हिंमत वाढते, हे मी माझ्या शिकल्यासवरलेल्या भावकीतच पाहिलं आहे.

पाणी उकळावं, तुरटी फिरवावी, की तांब्याच्या भांड्यात ठेवावं?

उकळावं. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, दहा मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. तुरटीने गाळ खाली बसतो आणि गाळाबरोबर काही जीवाणूही, पण पाणी निर्जंतुक होत नाही. तांब्याचे आयन जीवाणू मारतात हे खरं, पण त्याला कित्येक तास लागतात, आणि गढूळ पाण्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

गावच्या विहिरीला आणि टाकीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालतात, तिचा क्लोरीन काम करतो. घातल्यापासून निदान अर्धा तास थांबायचं. मग नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे दोन थेंब टाकून ओटी टेस्ट करायची. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शेवटच्या घरापर्यंत पोचायला हवा. टाकीपाशी पिवळं आणि वस्तीच्या टोकाला पांढरंफटक, हे चित्र मी अनेकदा पाहिलंय. मध्ये कुठेतरी पाइप गटारातून गेलेला असतो. पावडरची गोणी उघडी, ओलसर खोलीत महिनोन्‌महिने पडलेली असेल तर तीही निकामी, नुसता चुना. ग्रामपंचायतीला स्रोतांच्या तपासणीनंतर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कोणतं, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

पटकी म्हणजेच कॉलरा का? त्याने माणूस इतक्या झटपट का जायचा?

हो, तीच. 'तुला पटकी येवो' ही शिवी आणि गावोगावची मरीआई, दोन्ही त्याच भीतीतून आलेली. जीवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कोलकात्यात त्याच्या मागावर होता. पण तो मारतो कसा, हे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये त्याच कोलकात्यात दाखवलं. जीवाणू आतड्याच्या आतच राहतो आणि विष सोडतो. त्या विषाने आतडं शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतत सुटतं. तासाला लिटरभरसुद्धा. माणूस जातो तो पाणी संपून.

म्हणून मुख्य उपाय पाणी परत भरणं, हा. साखरेबरोबर मीठ आतड्यात आत ओढलं जातं आणि त्यामागून पाणी. बांगलादेश युद्धाच्या वेळी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण तोंडाने पाजून मृत्यू खाली आणले. घरी करायचं तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त घालू नका, त्याने बिघडतं.

पावसाळ्यात लेप्टोची भीती का घालतात?

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो. गुरं, कुत्री यांच्याही. पायाला भेग किंवा चीर असेल तर तिथून शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईकर कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण आले. कोकणात भातलावणीच्या दिवसांत हाच धोका शेतकऱ्याला. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, असं असेल आणि तुम्ही साचलेल्या पाण्यातून गेला असाल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. साध्या तापाचं औषध घेत बसलात तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातं. तुंबलेल्या पाण्यातून आल्यावर पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घेता येते.

लघवीचा संसर्ग बायकांनाच जास्त का होतो?

बायकांचा मूत्रमार्ग चारेक सेंटिमीटरचा, पुरुषांचा त्याच्या कितीतरी पट. ई. कोलायला वाट छोटी. हे पुस्तकातलं उत्तर.

दुसरं उत्तर खिडकीशी मिळतं. एसटीने रोज ये-जा करणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत जाण्याजोगं शौचालय नसतं. शाळेतल्या मुली संध्याकाळपर्यंत धरून ठेवतात. लघवीची धार ही मूत्राशयाची झाडलोट आहे. ती दिवसभर झालीच नाही तर आत शिरलेल्याला वाढायला भरपूर वेळ मिळतो. गोळ्यांनी बरं होतं आणि दोन महिन्यांनी तीच बाई, तोच जीवाणू. औषध चुकीचं नसतं, स्टँडवरच्या शौचालयाला कुलूप असतं.

कल्चर रिपोर्टला तीन दिवस का लागतात? त्यातलं एस आणि आर म्हणजे काय?

हा माझा रोजचा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी तुमचं सँपल तारेच्या बारीक कडीने एका प्लेटवर रेघांसारखं ओढते. प्लेटमध्ये जेलीसारखं अगार असतं, जीवाणूंचं अन्न घातलेलं. ती ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की जीवाणूंच्या वसाहती दिसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे कोट्यवधींची वस्ती. मॅकॉन्की नावाच्या अगारवर ई. कोलाय गडद गुलाबी उठतो. स्युडोमोनास असेल तर प्लेटवर हिरवट झाक येते आणि द्राक्षांसारखा गोड वास. अशा वेळी मन आधीच खट्टू होतं, कारण त्याच्यावर औषधं कमीच चालतात. लघवीत मिलिलिटरला साधारण एक लाखाच्या वर वाढ असेल तर ती खऱ्या संसर्गाची धरतात. कमी असेल तर बऱ्याचदा सँपल घेताना बाहेरून मिसळलेले.

दुसऱ्या दिवशी त्यातला एक ठिपका घेऊन नव्या प्लेटवर गालिच्यासारखा पसरायचा आणि वर औषध लावलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. तिसऱ्या सकाळी काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल दिसतो. तिथे जीवाणू उगवलेलाच नाही. काही टिकल्यांच्या काठापर्यंत तो बिनधास्त चढलेला असतो. मी पट्टीने त्या गोलांचे मिलिमीटर मोजते आणि तक्त्याशी ताडून लिहिते. एस म्हणजे त्या औषधाने तो मरेल, आर म्हणजे दाद देणार नाही.

दोन गैरसमज काढून टाका. 'आर' तुमच्या शरीराबद्दल नसतं. 'मला ही गोळी लागू पडत नाही' असं नव्हे, या जीवाणूला पडत नाही. पुढच्या वेळी जीवाणू वेगळा असेल तर तीच गोळी चालेल. आणि ज्याचा गोल मोठा ते औषध भारी, असंही नाही. प्रत्येक औषधाची पास होण्याची रेघ वेगळी असते. रिपोर्ट हातात घेऊन थेट मेडिकलमध्ये जाऊ नका. एसच्या यादीतलं सगळ्यात सौम्य औषध डॉक्टर निवडतात, ते त्यांना स्वस्तातलं सुचतं म्हणून नाही. भारी औषध उद्यासाठी शिल्लक राहावं म्हणून.

सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक घेतलं की दोन दिवसांत बरं वाटतं. मग ते चालत नाही कसं म्हणता?

सर्दी विषाणूची, ती तशीही उतरणीलाच लागलेली असते. प्रतिजैविकं जीवाणूची भिंत तोडतात किंवा त्याचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. विषाणूला भिंतही नाही आणि कारखानाही नाही. म्हणजे गोळी गेली ती तुमच्या आतड्यातल्या शांत माणसांवर. जुलाब लागतात ते त्यामुळे. आणि त्यांच्यातल्या ज्यांना ती गोळी मारू शकली नाही, ते उरले आणि वाढले. जीवाणू एकमेकांना जनुकांचे छोटे छल्ले देतात, त्यात प्रतिकाराची कृती लिहिलेली असते. शेजारणीला पाककृती द्यावी इतक्या सहज. प्रतिकार असलेल्या जीवाणूंमुळे २०१९ मध्ये जगात थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

२०१४ पासून बऱ्याच प्रतिजैविकांना शेड्यूल एच-वन लागू आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, दुकानदाराने नोंदवही ठेवायची. 'पाच दिवसांचा कोर्स द्या' म्हटल्यावर किती ठिकाणी चिठ्ठी मागतात, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

बरं वाटलं की गोळ्या बंद केल्या तर?

डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या. अनेक आजारांत हे दिवस पूर्वीपेक्षा कमी झालेत, पण ते कमी करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून दिवाळीत जावयाला देऊ नका. हे खरंच घडलेलं आहे.

टीबीला मग सहा महिने कशाला?

क्षयाचा जीवाणू मुलखाचा सावकाश आहे. एकाचे दोन व्हायला पंधरा ते वीस तास. औषधं दुभंगणाऱ्या जीवाणूवर चांगली चालतात आणि याच्यातले काही तर महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. त्यात अंगावर मेणचट कवच. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन भरतं आणि कामावर जायची घाई होते. गोळ्या सुटतात त्या तिथेच, आणि उलटून येणारा टीबी औषधांना न जुमानणारा असू शकतो.

बेडक्याची काच निळ्या रंगाची दिसते आणि तिच्यावर मध्येच बारीक लालसर काड्या. एकही दिसली नाही तरी शंभर जागा तपासल्याशिवाय 'नाही' लिहायचं नसतं. कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जीवाणू जाहीर केला, म्हणून तो क्षयरोग दिन. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे. तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत.

याच्यावर लागू पडलेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळालं. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो बराचसा याच कुळाचा.

कुष्ठरोग स्पर्शाने होतो का?

हात मिळवल्याने नाही. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला सहज परतवते. हा तर क्षयापेक्षाही सावकाश, दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस, त्यामुळे लक्षणं दिसायला वर्षं जातात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि तिथे पिसाने शिवलेलं कळत नाही, तर दाखवा. लवकर दाखवलं तर बोटं वाचतात.

विडाल पॉझिटिव्ह आलीय. टायफॉइडच ना?

तेवढ्यावर सांगता येत नाही. ही चाचणी जीवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रथिनं शोधते. ती जुन्या आजाराने, लशीने, कधी भलत्याच तापानेही दिसतात. मुदतीच्या तापाचा खरा पुरावा रक्ताच्या कल्चरमध्ये मिळतो, तेही औषध सुरू करायच्या आधी घेतलं तर. सगळ्यात जास्त फसवणारा कागद कोणता विचाराल तर मी हाच सांगेन, आणि तो आमच्याच खिडकीतून जातो.

मुंबई-पुण्यातला प्लेगही जीवाणूचाच?

हो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी तो ओळखला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. उंदरावरची पिसू हा आजार पोचवते हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं. तोवर माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिली होती. उंदरांपासून लांब गेली म्हणून वाचली, कारण माहीत नसताना. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ही त्या दिवसांचीच खूण. आज वेळेत कळलं तर प्लेग साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

लघवीचं सँपल घरून कशात आणू?

आमच्याकडून निर्जंतुक डबी घेऊन जा. धुतलेली औषधाची बाटली नको, लोणच्याची तर नकोच. सकाळची लघवी, आधी जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली. डबीच्या आत बोट घालू नका. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी द्या, सुरू झालं असेल तर नाव सांगा. आणि दोन तासांच्या आत पोचवा. वाटेत बाजार उरकायला थांबलात तर भातासारखंच होतं, वीस मिनिटांना दुप्पट, आणि मला तुमच्या मूत्राशयाऐवजी तुमच्या पिशवीचा रिपोर्ट द्यावा लागतो. डबीवर नाव लिहा, आणि वेळही.